रेडिओ स्कॅनरवर अनोळखी फ्रिक्वेन्सी हुडकण्याची रीत

रेडिओ स्कॅनर दोन वेगवेगळी कामे करतो. बाहेरून ती सारखीच दिसतात, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडतो. पहिले काम स्कॅनचे. मेमरीत आधीच भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी यंत्र एकामागून एक तपासत जाते आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबते. दुसरे काम सर्चचे. इथे मेमरीत काहीच नसते. खालची आणि वरची अशा दोन हद्दी यंत्राला सांगितल्या जातात आणि त्यांमधली प्रत्येक जागा ठरावीक अंतराने तपासत ते पुढे सरकते. स्कॅनमध्ये ओळखीचे आवाज ऐकू येतात, सर्चमध्ये अनोळखी सापडतात. स्कॅन लावणे हे आकडे भरण्याचे काम आहे, त्यात चुकण्यासारखे फारसे काही नाही. सर्च लावताना मात्र कुठे शोधायचे, किती बारीक पावलांनी, कोणत्या मोडमध्ये आणि काय वगळून, हे सारे आधी ठरवावे लागते. बहुतेक निष्फळ शोधांचे मूळ खराब यंत्रात किंवा तोकड्या अँटेनात नसते. शोधाची आखणीच फार सैल झालेली असते.

हा छंद मुख्यतः अमेरिकेत वाढला. तिथल्या पोलीस, अग्निशमन, रेल्वे आणि विमानतळांच्या यंत्रणा दीर्घकाळ उघड्या एफएम आणि एएम आवाजात बोलत होत्या आणि कायद्यानेही ऐकण्याला बरीच मोकळीक दिली होती. सुरुवातीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी स्वतंत्र क्रिस्टल विकत घेऊन बसवावा लागे. जी फ्रिक्वेन्सी ठाऊक नाही तिचा क्रिस्टल घेणार कसा? म्हणजे शोधाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९७० च्या दशकात सिंथेसायझरवर चालणारे स्कॅनर बाजारात आले. इलेक्ट्रा कंपनीच्या बेअरकॅट १०१ या मॉडेलवर फ्रिक्वेन्सी आकड्यांनी नव्हे, तर छोट्या स्विचांच्या वर-खाली मांडणीने भरावी लागे, आणि त्यासाठी सोबत सांकेतिक कोष्टकांची पुस्तिका असे. पुढे आकड्यांची बटणे आली आणि त्यांबरोबर दोन हद्दींमधला शोधही. बेअरकॅट हे नाव नंतर युनिडेनकडे गेले. आज हातात धरण्याच्या साध्या स्कॅनरांत युनिडेनचे बीसी१२५एटी हे मॉडेल सर्वत्र दिसते. डिजिटल आवाज उकलणाऱ्या महागड्या वर्गात त्याच कंपनीचे एसडीएस१०० आणि व्हिसलरचे टीआरएक्स-१ आहेत. मॉडेल कोणतेही असो, शोधाचे तत्त्व तेच राहते.

बहुतेक स्कॅनरांत शोधाचे दोन प्रकार दिलेले असतात. एक तयार शोध, म्हणजे सर्व्हिस सर्च: पोलीस, अग्निशमन, हौशी रेडिओ, सागरी, रेल्वे, नागरी विमाने, लष्करी विमाने, मोटार शर्यती अशा नावांखाली कारखान्यातच हद्दी भरून ठेवलेल्या असतात. दुसरा वापरणाऱ्याने स्वतः हद्दी भरून आखलेला, म्हणजे कस्टम सर्च. बीसी१२५एटीमध्ये अशा दहा हद्दी भरता येतात आणि हवी तेव्हा चालू-बंद करता येतात. तयार शोध पहिल्या दिवशी गंमत म्हणून ठीक आहे. पोलिसांच्या नावाखाली देशभर जिथे जिथे पोलीस असू शकतात ते सगळे तुकडे त्यात कोंबलेले असतात, आणि एका गावातले पोलीस त्यांतल्या एखाद्याच तुकड्यात असतात. बाकीचा वेळ वाया.

हद्दी कशा ठरवायच्या हे समजण्यासाठी वेळेचे साधे गणित पुरेसे आहे. स्कॅनर सेकंदाला शंभर जागा तपासतो असे धरू. १५० ते १७४ मेगाहर्ट्झ हा व्हीएचएफचा वरचा पट्टा पाच किलोहर्ट्झच्या पावलांनी तपासायचा तर ४,८०० जागा होतात आणि एका फेरीला ४८ सेकंद लागतात. गस्तीवरच्या पोलिसाचे किंवा यार्डातल्या रेल्वे कर्मचाऱ्याचे एक वाक्य तीन-चार सेकंदांचे असते. चार सेकंदांचे वाक्य ४८ सेकंदांच्या फेरीत सापडण्याची शक्यता बारात एक. शिवाय हे गणित फेरी कुठेही न अडखळता पूर्ण झाली असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात वाटेत यंत्र पाच-सहा ठिकाणी थांबते, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद घालवते, आणि ४८ सेकंदांची फेरी दीड-दोन मिनिटांची होते. तोच शोध १५५ ते १५६ एवढ्या एका मेगाहर्ट्झवर आणला की जागा दोनशे आणि फेरी दोन सेकंदांची. आता चार सेकंदांचे वाक्य सहसा निसटत नाही. एक रात्र सगळा पट्टा धुंडाळण्यापेक्षा रोज एक मेगाहर्ट्झ घेऊन साडेतीन आठवड्यांत पट्टा संपवणाऱ्याच्या हाती अधिक लागते. रुंद हद्दीचा मोह म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे.

कोणता तुकडा आधी घ्यायचा हे पट्ट्यांच्या वाटपावरून ठरते. अमेरिकेत ३० ते ५० मेगाहर्ट्झचा खालचा व्हीएचएफ पट्टा आता बराच ओस पडला आहे. डोंगर-दऱ्यांतून दूरवर पोहोचणारी ही फ्रिक्वेन्सी कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांसारख्या थोड्याच यंत्रणांनी दीर्घकाळ सांभाळून ठेवली. ११८ ते १३७ हा नागरी विमानांचा पट्टा, तर २२५ ते ४०० मध्ये लष्करी विमाने. सागरी वाहतूक १५६ च्या आसपास, तिचे संकटकालीन चॅनेल १६ म्हणजे १५६.८०० मेगाहर्ट्झ. रेल्वे १६० ते १६१.५ च्या टापूत. १६२.४०० ते १६२.५५० मध्ये हवामान खात्याचे सात चॅनेल आहेत आणि ते चोवीस तास बोलत असतात. म्हणूनच हद्दींतून ते आधीच वगळावे लागतात, नाहीतर शोध तिथेच रुतून बसतो. ४५० ते ४७० या यूएचएफ पट्ट्यात सर्वांत दाट वस्ती आहे: पोलीस, रुग्णालये, मॉल, कारखाने, शाळांच्या बस. ८५१ ते ८६९ मध्ये मुख्यतः ट्रंक्ड यंत्रणा असतात, त्यांची कथा वेगळी.

एक टापू यंत्रानेच बंद केलेला असतो. ॲनालॉग सेलफोनच्या काळात सामान्य स्कॅनरवर शेजाऱ्याचे फोन ऐकू येत. अमेरिकी काँग्रेसने १९८६ च्या कायद्याने ते ऐकणे गुन्हा ठरवले, पण यंत्रे ते ऐकू शकतच होती. त्यानंतरच्या नियमांनुसार एप्रिल १९९४ पासून ८२४–८४९ आणि ८६९–८९४ मेगाहर्ट्झ ऐकू शकणारे स्कॅनर बनवणे व आयात करणे बंद झाले. तरीही डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका जोडप्याने स्कॅनरवर प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष न्यूट गिंगरिच यांचे फोनवरचे बोलणे टिपले आणि त्याची ध्वनिफीत राजकारणात पोहोचली. जोडप्याला दंड झाला आणि प्रकरण अनेक वर्षे न्यायालयात गाजले. आज त्या टापूतले सारे संभाषण डिजिटल असल्याने स्कॅनरला तिथे ऐकण्यासारखे काही राहिलेले नाही. हद्द आखताना आकडे ८२४ वरून थेट ८४९ वर उडी मारताना दिसले तर यंत्र बिघडले असे समजू नये, एवढ्यापुरतेच त्याचे महत्त्व.

हद्दींनंतर प्रश्न येतो पावलाचा, म्हणजे स्टेपचा. सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण चूक झाली तरी काही ना काही ऐकू येतच राहते. दोन शेजारी चॅनेलांमधले अंतर पट्ट्यापट्ट्यात वेगळे असते. अमेरिकेतल्या विमानपट्ट्यात ते २५ किलोहर्ट्झ आहे, युरोपात मोठ्या प्रमाणावर ८.३३. यूएचएफमध्ये १२.५ किलोहर्ट्झचे पाऊल छान बसते, ४६०.०२५ किंवा ४६२.५६२५ असे तिथले बहुतेक आकडे १२.५ च्या पटीत येतात, क्वचित ६.२५ लागते. व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यात मात्र पूर्वी १५ किलोहर्ट्झचे अंतर होते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १ जानेवारी २०१३ पर्यंत बहुतेक खासगी आणि सार्वजनिक सुरक्षेच्या वापरकर्त्यांना २५ किलोहर्ट्झ रुंदीचे प्रक्षेपण १२.५ वर आणायला लावले, आणि जुन्या चॅनेलांच्या मधोमध नवी चॅनेले बसली. त्यामुळे तिथे पाऊल ७.५ किलोहर्ट्झ.

आता यातली मेख पाहा. १५५.३४० मेगाहर्ट्झ ही रुग्णवाहिका आणि रुग्णालये यांच्यातल्या संपर्काची देशभर परिचित फ्रिक्वेन्सी. कोणी सोयीचा गोल आकडा म्हणून खालची हद्द १५५.००० धरली आणि पाऊल ७.५ ठेवले, आणि त्याचा स्कॅनर खालच्या हद्दीपासून पावले मोजणारा असला, तर यंत्र १५५.३३७५ वर येईल आणि तिथून थेट १५५.३४५ वर जाईल. नेमक्या १५५.३४० वर ते कधीच थांबणार नाही. आवाज येईल, पण किंचित फाटका, आणि वहीत आकडा चुकीचा उतरेल. हद्द १५४.९९५ धरली तर ४६ पावलांनी बरोबर १५५.३४० येते. बरे, एवढ्याने सुटले म्हणावे तर अग्निशमन दलांची १५४.२८० ही तितकीच परिचित फ्रिक्वेन्सी या जाळीत बसत नाही. दोहोंतले अंतर १,०६० किलोहर्ट्झ, आणि त्याला ७.५ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे एकाच पट्ट्यात, एकाच पावलाच्या दोन सरकलेल्या जाळ्या आहेत. काही स्कॅनर हद्दीपासून न मोजता स्वतःच्या ठरलेल्या आधारापासून मोजतात, त्यांच्यात हा घोळ वेगळ्या रूपाने दिसतो. पाऊल २.५ किलोहर्ट्झ ठेवले तर १५४.२८०, १५५.३४० आणि नवे १५५.३४७५ हे तिन्ही अचूक सापडतात, पण जागा तिप्पट होतात आणि फेरीही तिप्पट लांबते. शिवाय सगळ्या स्कॅनरांत एवढे बारीक पाऊल मिळतही नाही. व्यवहारात चालणारा मार्ग असा की पट्टा सेवांनुसार तोडावा आणि प्रत्येक तुकड्याची खालची हद्द त्या सेवेच्या एखाद्या पक्क्या माहितीच्या फ्रिक्वेन्सीवरून मागे मोजत ठरवावी.

पाऊल बरोबर असले तरी जोरदार सिग्नल आपल्या खऱ्या जागेच्या एक-दोन पावले आधीच यंत्राला थांबवतो. वर चढणारा शोध त्यामुळे नेहमी थोडा खालचा आकडा दाखवतो. अशा वेळी शोध धरून ठेवावा, हाताने एकेक पाऊल पुढे-मागे सरकून पाहावे आणि आवाज सर्वांत स्वच्छ जिथे येतो तो आकडा खरा मानावा. वर जाताना एक आकडा आणि खाली येताना दुसरा मिळाला तर सत्य बहुधा मध्ये असते.

मोडच्या बाबतीत फार घोळ घालण्याचे कारण नाही. विमाने एएममध्ये बोलतात, नागरी असोत की लष्करी. जमिनीवरचे जवळपास सगळे एफएममध्ये, आणि २०१३ नंतर अरुंद एफएममध्ये. अरुंद प्रक्षेपण रुंद मोडवर ऐकले की आवाज दबका येतो आणि शेजारचे चॅनेल आत घुसते. उलट केले तर आवाज कापला जातो. नव्या यंत्रांत ‘ऑटो’ ठेवले की पट्ट्यानुसार मोड आपोआप बदलतो आणि ते बहुतेकदा पुरते.

रिकामी खरखर दाबणारी स्क्वेल्चची खुंटी शोध सुरू करण्याआधी लावून घ्यावी, नंतर नाही. खरखर थांबते त्या बिंदूच्या किंचित पुढे ती ठेवावी. सैल ठेवली तर यंत्र रिकाम्या खरखरीवर जागोजागी थांबते, फार घट्ट केली तर दूरचा क्षीण वॉकीटॉकी आला-गेला कळत नाही. बोलणे संपल्यावर यंत्र पुढे सरकण्याआधी किती थांबते याला डिले म्हणतात. स्कॅनमध्ये दोन सेकंदांचा डिले सोयीचा असतो, कारण प्रश्नानंतर उत्तर ऐकायचे असते. शोधातही तो ठेवावा, पण दाट वस्तीच्या पट्ट्यात कमी करावा. तिथे उत्तर ऐकण्यापेक्षा जागा सापडणे महत्त्वाचे.

शोधाची खरी मशागत लॉकआउटमध्ये आहे. पहिल्या फेरीत यंत्र जिथे जिथे थांबते त्यांतले निम्मे कामाचे नसते: पेजर, डेटा, हवामानाची अखंड बडबड, ट्रंक्ड यंत्रणेचा सतत घुरघुरणारा नियंत्रण चॅनेल. अशी प्रत्येक जागा यंत्राला ‘पुन्हा इथे थांबू नको’ म्हणून सांगावी लागते. युनिडेनच्या यंत्रांत दोन प्रकारचे लॉकआउट आहेत. तात्पुरता यंत्र बंद केले की पुसला जातो, कायमचा राहतो. जे आज अडथळा आहे पण उद्या कामाचे ठरू शकते ते तात्पुरते, जे निर्जीव आहे ते कायमचे. कायमच्या यादीला मर्यादा असते, ती भरली की जुन्या नोंदी गळू लागतात. मेहनत इथे दोन-तीन संध्याकाळी करावी लागते आणि त्याच कंटाळवाण्या असतात. पण यादी तयार झाल्यावर यंत्र थांबले म्हणजे काही तरी नवे आले, असा भरवसा निर्माण होतो. ज्याने लॉकआउट केले नाहीत त्याच्या शोधाला दिशाच नसते.

यंत्र जिथे थांबते तिथे खरोखर कोणी असतेच असे नाही. स्कॅनरच्या स्वतःच्या ऑसिलेटरांतून आणि प्रोसेसरमधून निघणारे सिग्नल त्यालाच ऐकू येतात. त्यांना बर्डी म्हणतात. ओळखण्याची कसोटी सोपी: अँटेना काढून पाहावी. अँटेनाशिवायही सिग्नल तितकाच भक्कम राहिला तर तो घरचाच चोर. घरातले एलईडी दिवे, सौर पॅनेलचे इन्व्हर्टर आणि स्वस्त चार्जरही असलेच उपद्रव देतात. ते अँटेना काढल्यावर जातात आणि वीज बंद केल्यावरही जातात.

इमेज हा अधिक फसवा प्रकार. सुपरहेटरोडाइन रिसीव्हर आलेली फ्रिक्वेन्सी एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवतो. मधली फ्रिक्वेन्सी १०.७ मेगाहर्ट्झ असेल तर तिच्या दुप्पट, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झ अंतरावरचा जोरदार सिग्नल खोट्या जागी उमटू शकतो. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना ९८.३ हा एफएमचा आकडा ओळखीचा आहे, त्याचेच उदाहरण घेऊ. अशा रिसीव्हरचा ऑसिलेटर ऐकायच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली चालत असेल, तर ११९.७ वर विमान शोधताना तो १०९.० वर असतो, आणि १०९.० वजा १०.७ म्हणजे ९८.३. विमानपट्ट्यात अचानक फाटक्या आवाजात गाणे ऐकू आले तर वैमानिकाला गायला सुचले असे मानण्याचे कारण नाही, हा हिशेब करावा. महाग स्कॅनरांत पहिली मधली फ्रिक्वेन्सी कित्येक पट उंच ठेवलेली असते, त्यामुळे इमेज दूर ढकलली जाते आणि गाळणीत सहज अडकते. शहरात प्रक्षेपण मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांना याशिवाय ओव्हरलोडचाही त्रास होतो. दोन जोरदार सिग्नल रिसीव्हरच्या आत एकमेकांत मिसळून तिसरेच काही तयार होते. तिथे अधिक मोठी अँटेना लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. ॲटेन्युएटरचे बटण दाबावे किंवा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अँटेनाच्या वाटेत बसवावा. खोटा सिग्नल ॲटेन्युएटर लावताच खऱ्यापेक्षा कितीतरी झपाट्याने नाहीसा होतो, हीच त्याची ओळख.

अँटेनाबद्दल एकच गोष्ट शोधाशी थेट निगडित आहे. यंत्राबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना कोणत्याच पट्ट्यासाठी खास नसते. लांबी बदलता येणारी टेलिस्कोपिक अँटेना लावली तर ७५ ला मेगाहर्ट्झने भागून मीटरमध्ये पाव-तरंगाची लांबी मिळते: विमानपट्ट्यासाठी सुमारे ६० सेंटिमीटर, १५५ साठी ४८, ४६० साठी १६. ज्या तुकड्याचा शोध चालू आहे त्याप्रमाणे अँटेना ओढावी किंवा दुमडावी. छपरावर बसवायची असेल तर अनेक पट्टे एकाच वेळी झेलणारी डिस्कोन हा शोध करणाऱ्यांचा जुना आवडता पर्याय आहे, जरी एका पट्ट्यापुरती ती कधीच सर्वोत्तम नसते.

पावलापावलाने शोधण्याला एक वेगळा पर्यायही आहे. युनिडेनने त्याला क्लोज कॉल म्हटले, रेडिओशॅकच्या स्कॅनरांत तो सिग्नल स्टॉकर या नावाने होता. यात यंत्र पट्टा चालत नाही. अँटेनाजवळ अचानक एखादा जोरदार सिग्नल उठला की त्याची फ्रिक्वेन्सी मोजून थेट तिथे उडी मारते. ऐकणाऱ्याच्या जवळ असलेला पाच वॉटचा वॉकीटॉकी दूरच्या मोठ्या मनोऱ्यापेक्षा जोरदार ठरतो, या एका गोष्टीवर सारे आधारलेले आहे. मोटार शर्यतींच्या मैदानात तर क्लोज कॉल चपखल बसतो. नॅसकारच्या शर्यतींना हजारो प्रेक्षक स्कॅनर घेऊन जातात, चालक आणि त्याला वाट सांगणारा स्पॉटर यांचे बोलणे ऐकतात, आणि मैदानाबाहेर स्कॅनर भाड्यानेही मिळतात. तिथे प्रत्येक संघाची फ्रिक्वेन्सी दोनेकशे मीटरवरून येत असते आणि बहुतेक ४५० ते ४७० मध्ये असते. मॉल, बांधकामाची जागा, चित्रीकरणाचे ठिकाण, तिथेही हेच. पण शहराच्या मध्यात, एफएम आणि पेजरच्या मनोऱ्यांच्या सावलीत, क्लोज कॉल फक्त तेच मनोरे पुन्हा पुन्हा शोधून काढत बसतो. म्हणून त्यात व्हीएचएफ, यूएचएफ असे पट्टे निवडून बाकीचे बंद करता येतात. ते करावेच.

फ्रिक्वेन्सी सापडणे हा निम्मा शोध. ती कोणाची, हे ठरवणे उरलेला निम्मा, आणि रस त्यातच अधिक. पहिला धागा उपस्वराचा. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वापरकर्ते असतात, आणि एकमेकांचा त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक जण आवाजाखाली एक न ऐकू येणारा स्वर सोडतो, सीटीसीएसएस पद्धतीत ६७.० ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा. काही जण त्याऐवजी डीसीएस हा डिजिटल संकेत वापरतात. स्कॅनरचा टोन सर्च चालू ठेवला की पडद्यावर तो आकडा दिसतो. ४६४.५५० सारख्या देशभर फिरत्या वापरासाठी दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर सकाळी एक स्वर आणि दुपारी दुसरा दिसला, तर ती दोन वेगळी माणसे आहेत असे खुशाल समजावे.

दुसरा धागा रिपीटरच्या जोडीचा. उंचावरचा रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. ४५० ते ४७० मध्ये ऐकण्याची फ्रिक्वेन्सी बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा पाच मेगाहर्ट्झ वर असते; ८०० च्या पट्ट्यात ४५ मेगाहर्ट्झ खाली. म्हणून ४६०.xxx वर काही सापडले की लगेच ४६५.xxx तपासावे. तिथेही तोच आवाज आला तर बोलणारा माणूस जवळच आहे, कारण गाडीतला किंवा हातातला संच दूरवर पोहोचत नाही. ४६५ ते ४७० एवढाच पट्टा शोधायला लावणे ही अनुभवी मंडळींची आवडती युक्ती आहे: तिथे जे काही ऐकू येईल ते शेजारच्या रस्त्यावरचे.

तिसरा धागा परवान्याचा. अमेरिकेत संघराज्य सरकार वगळता इतरांना फ्रिक्वेन्सी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन देते आणि ते परवाने जनतेला पाहायला खुले असतात. फ्रिक्वेन्सी आणि जिल्हा दिला की त्यावरचे परवानाधारक दिसतात. परवान्यातली काही अक्षरे बरेच सांगून जातात. एफबी२ म्हणजे रिपीटर, एमओ म्हणजे फिरता संच. ११के२एफ३ई असे लिहिले असेल तर अरुंद एफएमचा साधा आवाज, ८के१०एफ१ई असेल तर बहुधा पी२५ डिजिटल, ७के६०एफएक्सई असेल तर डीएमआर. संघीय खात्यांचे वाटप वेगळ्या यंत्रणेकडे असते आणि या यादीत येत नाही. १६२ ते १७४ मध्ये काही सापडले आणि परवाना मिळाला नाही तर कारण बहुधा हेच. शोध करणाऱ्याला सर्वांत जास्त तिथलेच कुतूहल असते.

डिजिटल सिग्नल साध्या स्कॅनरवर नुसता गोंगाट म्हणून येतो, पण गोंगाटातही फरक असतो. पी२५ चा एकसारखा खडबडीत सूं-सूं आवाज, डीएमआरचा टाइमस्लॉटमुळे तुटक फडफडाट, ट्रंक्ड यंत्रणेच्या नियंत्रण चॅनेलचा कधीही न थांबणारा घुरघुराट. कानाला सवय झाली की मोड आवाजावरून कळतो. नियंत्रण चॅनेल सापडला तर तो लॉकआउट करण्याआधी लिहून ठेवावा. ट्रंक्ड यंत्रणेत प्रत्येक संभाषणाला संगणक मोकळा चॅनेल देतो आणि पुढच्या वाक्याला दुसराच. नुसत्या शोधाने त्यातली वाक्ये तुकड्या-तुकड्यांनी मिळतात, अर्थ लागत नाही. नियंत्रण चॅनेल ट्रंकिंग करणाऱ्या स्कॅनरला दिला तर मात्र सगळी यंत्रणा उलगडते. एन्क्रिप्शन झाले असेल तर तोही मार्ग संपतो. डेन्व्हर पोलिसांनी २०१९ मध्ये आपले बोलणे एन्क्रिप्ट केले, न्यू यॉर्कच्या पोलिसांनी २०२३ मध्ये एन्क्रिप्शन टप्प्याटप्प्याने सुरू केले. अशा यंत्रणा ताकास तूर लागू देत नाहीत आणि त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

नोंदवहीत फ्रिक्वेन्सी, वेळ, मोड, स्वर, सिग्नलची ताकद आणि ऐकलेले दोन-चार शब्द एवढे असले की पुरे. वेळ लिहिणे सर्वाधिक टाळले जाते आणि नंतर तेच उपयोगी पडते. शाळेच्या बस सकाळ-दुपार, कचरा गाड्या पहाटे, मोठ्या रुग्णालयाची सुरक्षा चोवीस तास. अनेक स्कॅनरांत सर्च अँड स्टोअर ही सोय असते, सापडलेली प्रत्येक फ्रिक्वेन्सी यंत्र स्वतःच मेमरीत टाकत जाते. रात्रभर लावून ठेवायला ती चांगली, मात्र लॉकआउट आधी केलेले असले तरच. नाहीतर सकाळी मेमरी पेजर आणि बर्डींनी भरलेली मिळते. उन्हाळ्यात ३० ते ५० मेगाहर्ट्झमध्ये अचानक हजार-दोन हजार किलोमीटरवरचे आवाज सापडले तर ते स्थानिक यादीत घालू नयेत. वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तन होऊन ते आलेले असतात आणि तासाभरात विरतात.

ऐकलेल्याचे काय करायचे यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेत उघड्या आवाजातले संभाषण ऐकण्याला सहसा हरकत नसली, तरी १९३४ च्या कम्युनिकेशन्स कायद्याचे ७०५ वे कलम ते दुसऱ्याला सांगण्यावर किंवा स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर बंधने घालते, आणि काही राज्यांत स्कॅनर गाडीत ठेवण्यावरही निर्बंध आहेत. ब्रिटनचा २००६ चा कायदा आपल्यासाठी नसलेले बोलणे ऐकणेच गुन्हा ठरवतो. भारतात १९३३ चा भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा वायरलेस यंत्र बाळगण्यासाठीही परवाना मागत आला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यतेची अट आहे. परदेशातून स्कॅनर आणण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

२०१२ पासून या छंदात एक स्वस्त साधन शिरले. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या, आरटीएल२८३२यू चिपच्या यूएसबी डोंगलचा रुंद पट्ट्याचा रेडिओ रिसीव्हर म्हणून वापर होऊ शकतो, हे तेव्हा लक्षात आले. असा डोंगल संगणकाला जोडला की पडद्यावर सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा टापू एकाच वेळी दिसतो. प्रत्येक सिग्नल ही एक उजळ रेघ, आणि ती किती वेळ टिकली हेही दिसते. पावले चालण्याचा प्रश्नच नाही, चार सेकंदांचे वाक्य निसटत नाही, आणि जाळी चुकल्यामुळे आकडा चुकत नाही. स्वस्त डोंगल जोरदार सिग्नलांपुढे स्कॅनरपेक्षा लवकर गोंधळतात आणि खोट्या रेघा दाखवतात, ही त्यांची उणीव. म्हणून अनेक जण आता काम वाटून घेतात. डोंगलच्या पडद्यावर दीड-दोन मेगाहर्ट्झचा तुकडा रात्रभर नोंदवायचा, सकाळी उजळ रेघांचे नेमके आकडे काढायचे, ॲटेन्युएटर आणि अँटेनाच्या कसोटीने खोटे गाळायचे आणि उरलेले स्कॅनरच्या मेमरीत भरून, प्रत्येकासमोर स्वर आणि मोड लिहून, साधा स्कॅन सुरू करायचा.